फॅमिकॉमची एकविसावी पिन

मिरजेच्या घराचा माळा रिकामा करताना चार कॅसेट खाली आल्या. गाण्यांच्या नव्हेत, टीव्ही गेमच्या. दोन पिवळ्या, एक काळी, आणि एकीवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं, ज्यातले खरे गेम मोजून अकरा निघायचे. गेमचा डबा मात्र नव्हता. तो कधीतरी भंगारवाल्याकडे गेला, कोणी दिला यावर घरात अजून एकमत नाही.

हे ताईला फोनवर सांगितलं, तिनं मावसभावाला सांगितलं. तो तोक्योत निशी-कासाईला राहतो, तिथे आपली माणसं पुष्कळ. दिवाळीला येताना त्यानं हार्ड ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानातून खरा फॅमिकॉम आणला, म्हणजे आपल्या टीव्ही गेमचा मूळ जपानी डबा (कन्सोल). डब्यावर ‘जंक’ अशी चिठ्ठी. जंक याचा अर्थ तपासलेला नाही, चालला तर तुमचं नशीब, परत घेणार नाही.

मी कॉमर्सचा माणूस. त्याआधी आयुष्यात सोल्डरिंग गन दोनदा हातात धरली होती, दोन्ही वेळा इयरफोनसाठी. त्या डब्यापासून टीव्हीवर चित्र दिसेपर्यंत काय काय झालं, कुठे चुकलो आणि का, ते लिहून ठेवतो आहे. पहिल्यांदाच जुना कन्सोल उघडणाऱ्याला यातला चुकांचा भाग जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

हातात नेमकं काय आलं

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला, १४,८०० येनला. निन्तेन्दोच्या मासायुकी उएमुरा यांच्या चमूनं तो बनवला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघर जे टीव्ही गेम होते ते बहुतेक याच्याच नकला. कॅसेटला ६० पिना, त्याही तशाच. अमेरिकेत तोच कन्सोल वेगळ्या पेटीत गेला आणि तिथल्या कॅसेटला ७२ पिना झाल्या. म्हणून आपल्या माळ्यावरची कॅसेट अमेरिकन पेटीत जात नाही, पण जपानी फॅमिकॉममध्ये ‘खट’ आवाज करत बसते. माझ्या चारपैकी चारही बसल्या. चालल्या किती, ते पुढे.

मागच्या बाजूला वीज घेण्याचं भोक, चॅनेल १-२ चं बटण, टीव्ही-गेमचं बटण आणि एक गोल आरसीए सॉकेट. ते सॉकेट बघून मला आनंद झाला होता. पिवळी वायर लावली की झालं! ते तसं नाही. त्या सॉकेटातून चित्राचा थेट सिग्नल येत नाही, आरएफ येतो. म्हणजे टीव्ही स्टेशन जसं हवेतून सोडतं तसा, वायरीतून. पिवळ्या सॉकेटात घातला तर टीव्हीला काही कळत नाही.

पहिली चूक, वीस सेकंदांची

जपानी अडॅप्टरवर सगळं छापलेलं होतं: आत १०० व्होल्ट एसी, बाहेर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर. मी वाचलंही होतं. पण त्याच्या चपट्या पिना आपल्या बोर्डात जाईनात, म्हणून प्रवासाच्या बॅगेतला ‘युनिव्हर्सल कन्व्हर्टर’ लावला आणि डोक्यात असं बसलं की कन्व्हर्टर आहे म्हणजे कन्व्हर्ट होणार. तो फक्त पिनांचा आकार बदलतो. २३० व्होल्ट जसेच्या तसे आत गेले. आधी गुणगुण, मग तापलेल्या वार्निशचा वास, मग शांतता. दुपटीहून जास्त व्होल्टेज मिळाल्यावर आतल्या ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याला पुरं पडत नाही, वेटोळ्यातून भलताच करंट वाहतो आणि ते जळतं.

नशिबानं दुसरं टोक कन्सोलला लावलेलं नव्हतं. ते शहाणपण नव्हतं, कन्सोल दुसऱ्या खोलीत होता इतकंच.

आता नवा अडॅप्टर हवा. फॅमिकॉमच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. घरात पडलेले राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे सगळे अडॅप्टर याच्या उलट, मध्ये धन. शिवाय बरेचसे १२ व्होल्टचे. आतला ७८०५ नावाचा रेग्युलेटर येणाऱ्या व्होल्टेजचे ५ करतो आणि वरचे सगळे उष्णता म्हणून फेकतो. अर्धा अँपिअर ओढला तर ९ व्होल्टवर २ वॅट उष्णता आणि १२ व्होल्टवर साडेतीन. चाळीस वर्षांच्या डब्यात साडेतीन वॅट मला नको होते.

उपाय सापडला वाद्यांच्या दुकानात. गिटारच्या इफेक्ट पेडलला ९ व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला अडॅप्टर लागतो, पिनेची जाडीही तीच. दुकानदारानं विचारलं, “कुठलं पेडल आहे?” मी म्हटलं, “जपानी आहे.” खोटं नव्हतं. फक्त १ अँपिअरचा मागून घेतला, कारण स्वस्तातले पेडल अडॅप्टर २००-३०० मिलीअँपिअरवर संपतात. घरी येऊन मल्टिमीटरची लाल सळई मधल्या भोकात आणि काळी बाहेर लावली. उणे ९.१. हे उणे चिन्ह दिसल्याशिवाय अनोळखी अडॅप्टर कन्सोलला लावायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

जिवंत आहे का, हे रेडिओनं सांगितलं

वीज दिली, लाल कॅसेट-झाकणाचा डबा समोर, आणि टीव्हीवर काही नाही. आता प्रश्न असा की कन्सोल मेला आहे, की जिवंत आहे पण आपल्या टीव्हीला ऐकू येत नाही? याचं उत्तर मिळाल्याशिवाय डबा उघडणं म्हणजे ताप आहे की नाही हे न बघता पेशंटला सलाइन लावणं.

जपानचा जुना चॅनेल १ होता ९१.२५ मेगाहर्ट्‌झवर आणि चॅनेल २ होता ९७.२५ वर. आपल्याकडे ८८ ते १०८ हा पट्टा एफएम रेडिओचा, टीव्हीचे चॅनेल त्याच्या खाली आणि वर असायचे. म्हणून भारतीय टीव्ही त्या जागी सहसा शोधत नाही. (जपानमध्येही आता तसंच. बहुतेक भागांत २४ जुलै २०११ ला अ‍ॅनालॉग प्रसारण बंद झालं.) पण त्या जुन्या जपानी पद्धतीत आवाज चित्राच्या ४.५ मेगाहर्ट्‌झ वर असतो आणि तो एफएमच असतो. ९१.२५ अधिक ४.५ म्हणजे ९५.७५.

आईच्या स्वयंपाकघरातला रेडिओ आणला. फॅमिकॉमच्या सॉकेटात वीतभर वायर खोचून ती रेडिओच्या एरियलजवळ धरली, काटा ९५ आणि ९६ च्या मध्ये हळूहळू फिरवला. आणि त्या रेडिओतून मारिओ वाजायला लागला. आवाज बारीक होता, मागे खरखर होती, पण सूर स्वच्छ. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “हे कुठलं स्टेशन?”

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. एक पैसा खर्च न करता कळलं की वीज, प्रोसेसर, कॅसेटचा स्लॉट आणि आवाज हे सगळं ठीक आहे. मेलेलं काही नाही, बोली वेगळी आहे.

चारही कॅसेट अशाच रेडिओवर तपासल्या. तीन बोलल्या. चौथी, ९९९९ वाली, मुकी राहिली. लहानपणी आम्ही कॅसेटला फुंकर मारायचो. तिनं तेव्हा काम व्हायचं ते खरं तर काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतली वाफ उलट पिनांवर गंज धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवला, काळा निघाला, तीनदा. तरी ती बोलली नाही.

कुठला बदल, आणि कुठला नाही

जुन्या कन्सोलमध्ये काय काय बदलता येतं याची यादी लांब आहे. माझ्या भाच्याला आत निळे एलईडी हवे होते. एका मित्राचं म्हणणं, करायचं तर आरजीबी कर, चित्र काचेसारखं येतं. येतं खरं, पण फॅमिकॉमची चित्राची चिप, पीपीयू, मुळात लाल-हिरवा-निळा वेगळे देतच नाही. ती आतच सगळं मिसळून एका पिनेवर एकत्र सिग्नल सोडते. आरजीबी हवं तर ४० पायांची ती चिप उपटून दुसरी व्यवस्था बसवावी लागते. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

पण तो एकत्र सिग्नल म्हणजेच आपल्या टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटाला हवा असलेला कंपोझिट. तो चिपमधून तयार बाहेर पडतो, फॅमिकॉम त्याला आरएफमध्ये गुंडाळतो आणि टीव्ही परत उलगडतो. गुंडाळायच्या आधीच तो पकडायचा, थोडा बळ देऊन बाहेर आणायचा, इतकाच हा बदल. निन्तेन्दोनं स्वतः १ डिसेंबर १९९३ ला जो नवा फॅमिकॉम काढला त्यात आरएफ काढून हेच केलं होतं. त्यामुळे मूळ वस्तू बिघडवतो आहोत ही टोचणी मला फारशी लागली नाही.

एकविसावी पिन

डब्याखालचे स्क्रू साधे फुलीचे. आत दोन बोर्ड: एक मोठा, ज्यावर प्रोसेसर आणि पीपीयू, दुसरा मागचा, वीज आणि आरएफचा. पीपीयूवर आरपी२सी०२ लिहिलेलं असतं. खाच वर धरली तर डावीकडून वरून खाली १ ते २०, मग उजवीकडून खालून वर २१ ते ४०. म्हणजे २१ नंबर उजवीकडे सर्वांत खाली, एक नंबरच्या बरोबर तिरका समोर. चित्र तिथून निघतं. मी त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, कारण बोर्ड उलटा केला की डावं-उजवं बदलतं आणि तिथेच घोळ होतात.

सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलं. एक पीएनपी ट्रान्झिस्टर, ३०० ओहमचा रेझिस्टर, ११० ओहमचा एक, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शिल्डवाली बारीक वायर. अडॅप्टर सोडला तर सगळं १५० रुपयांच्या आत. माझ्याकडच्या जोडणीच्या आकृतीत ट्रान्झिस्टर होता २एन३९०६. दुकानात नव्हता. काका म्हणाले, “बीसी५५७ घ्या, तेच काम करतो.” बरोबरच होतं त्यांचं. पुढे जे झालं ती चूक माझी.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. जोडणी अशी: २१ नंबरची पिन ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटरला ३०० ओहममधून ५ व्होल्ट, आणि त्याच एमिटरवरून ११० ओहम, मग कपॅसिटर, मग टीव्ही. कपॅसिटरची धन बाजू ट्रान्झिस्टरकडे. पीपीयूची पिन अशक्त असते, टीव्हीची वायर तिला थेट ओढवत नाही. ट्रान्झिस्टर मध्ये उभा राहून ओझं उचलतो. कपॅसिटर फक्त हलणारा सिग्नल पुढे सोडतो, स्थिर व्होल्टेज अडवतो. आवाजासाठी कॅसेट स्लॉटची ४६ नंबरची पिन. गंमत अशी की फॅमिकॉमचा आवाज ४५ वरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो, म्हणजे कॅसेटला वाटेत आपली भर घालता यावी. जपानी गेममध्ये काहींनी ती घातलीही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा चित्र आलं. पण कसं! संध्याकाळी दिवे गेल्यावर भिंतीवर सावली पडावी तसं काळवंडलेलं आणि वरखाली घसरणारं. मी दोन तास सोल्डरचे डाग तपासले. सगळे डाग चकचकीत. रेझिस्टर मोजले, बरोबर. ५ व्होल्ट? ५.०२.

मग ट्रान्झिस्टरची माहिती शांतपणे वाचली. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन३९०६ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. काम तेच, पाय आरशातल्यासारखे. मी आकृतीतलं चित्र पाहून लावला होता, म्हणजे तो उलटा बसला होता. उलट्या ट्रान्झिस्टरनंही थोडंफार काम होतं, आणि चकवा नेमका तिथेच. सुलटा असता तर करंट शंभरपटीहून अधिक वाढवला असता, उलटा जेमतेम काही पट वाढवतो. उरलेलं ओझं बिचाऱ्या पिनेवर. पूर्ण बंद पडला असता तर चूक पाच मिनिटांत सापडली असती.

काढला, फिरवला, परत डाग दिला. निळं आकाश आलं.

आकाशावर उभ्या बारीक रेघा होत्या, तुरुंगाच्या गजांसारख्या. जवळून पाहिलं तरच दिसायच्या, पण एकदा दिसल्या की जाईनात. २१ नंबर अजून बोर्डावरच्या जुन्या वाटेलाही जोडलेला होता, आणि ती वाट इतर सिग्नलांच्या शेजारून जाते. त्यांचा गोंगाट ती उचलते. उपाय म्हणजे पिन बोर्डापासून सोडवून हवेत उचलायची आणि वायर थेट तिलाच जोडायची.

हे काम मी आठवडाभर लांबवलं. माझी गन २५ वॅटची, तापमान कमीजास्त करायची सोय नाही. तांब्याची विक (डाख शोषून घेणारी जाळी) ठेवायची, फ्लक्स (डाख नीट वितळून वाहावा म्हणूनचा लेप) लावायचा, तीन सेकंद, मग थांबायचं. डाख पूर्ण निघायच्या आधी पिन ओढली तर खालचं तांबं सोलून निघतं. आणि पिन दोन-तीनदा वाकवली की मोडते, मोडली की पीपीयू गेला. भंगारात मिळालेल्या एका रेडिओच्या बोर्डावर आधी वीस पिना उचलून पाहिल्या. पहिल्या सहांपैकी चार मोडल्या. नंतरच्या चौदांत एक. तेव्हा कुठे फॅमिकॉमला हात लावला. पिन सुटली, तुटली नाही. पीपीयूच्या ४० आणि २० नंबरमध्ये, म्हणजे वीज आणि ग्राउंड यांच्यात, एक छोटा कपॅसिटरही टाकला. रेघा गेल्या असं म्हणणार नाही, पण आता त्या शोधाव्या लागतात.

वायर बाहेर काढायला मागे ६ मिलिमीटरचं एक भोक पाडलं. मावसभाऊ यावर अजून नाराज आहे. आतलं सगळं परत पूर्वीसारखं करता येईल, ते भोक तेवढं बुजणार नाही.

ताई म्हणाली, “हे पळतंय”

ताई पुण्याला आली. आमच्या घरात मारिओ खेळायची ती एकटीच, मी बघायचो. तिनं रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हणाली, “हे पळतंय रे. आपला असा नव्हता.”

मला वाटलं टीव्ही. एलईडी टीव्ही चित्र स्वतःच्या मापात बसवायला वेळ घेतो आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. म्हणून कन्सोल मिरजेला नेला, तिच्या घरी अजून २१ इंची जुना डब्बा टीव्ही आहे. त्यावर चित्र काळं-पांढरं आलं. क्षणभर पोटात गोळा आला, मग मेन्यूत पाहिलं तर रंगाची पद्धत ‘पाल’ वर, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीवर, अडकवलेली होती. फॅमिकॉम एनटीएससी या जपानी टीव्हीच्या पद्धतीचा, त्याचा रंग ३.५८ मेगाहर्ट्‌झवर असतो, पालचा ४.४३ वर. ‘ऑटो’ केलं, रंग आले. उशीरही गेला. ताई परत खड्ड्यात.

मग मी तिला म्हटलं, गेमचं गाणं आठवतं तसं गुणगुण. तिचा कान पक्का आहे, हार्मोनियम शिकलेली. फोनवर वेळ लावली. तिचं एक आवर्तन साधारण साडेअकरा सेकंदांचं. कन्सोलला तेवढ्याच भागाला दहाच्या आत-बाहेर लागले. सूर तोच होता, लय वेगळी.

ती बरोबर होती. आपला टीव्ही पाल, सेकंदाला ५० चित्रं. आपल्याकडचे नकली डबे त्याच हिशोबानं बनलेले. खरा फॅमिकॉम सेकंदाला ६०. गेम दर चित्रागणिक एक पाऊल टाकतो, गाणंही तसंच पुढे सरकतं. म्हणून जपानमध्ये ६० सेकंदांत संपणारं आपल्याकडे ७२ सेकंद चालायचं. प्रोसेसरचं घड्याळ मात्र त्या डब्यांत जवळपास तेवढंच ठेवलेलं, १.७७ मेगाहर्ट्‌झ, मूळचं १.७९. त्यामुळे सूर हलले नाहीत आणि आम्हाला कधी शंकाही आली नाही. आम्ही सगळं बालपण मारिओ विलंबितात खेळलो.

“मग हळू कर की,” ताई म्हणाली.

तसं करायला दोन्ही चिपा आणि घड्याळाचा स्फटिक बदलावा लागेल, म्हणजे त्याला परत आपला नकली डबा करायचा. तो डबा नेमका कोणी भंगारात दिला हा विषय तिथे पुन्हा निघाला. तो चालू असताना ताईनं रिमोट उचलला. सातव्या खेळीला तिनं तो खड्डा पार केला, आणि त्यानंतर मला रिमोट मिळाला तो थेट जेवायला बसायच्या वेळी.